कार्मेलच्या मठांतील उन्हाळा

उन्हाळा लागला कीं सुशिक्षित घरांत पहिली चर्चा होते ती हवापालटाची. शाळांना सुटी लागते, सामानाच्या याद्या होतात, कोणी कोंकणांत आजोळीं जातात, कोणी महाबळेश्वर-माथेरानची वाट धरतात; आणि ज्यांना घर सोडतां येत नाहीं ते निदान वाळ्याचे पडदे सोडून व माठांत मोगऱ्याचीं फुलें टाकून दुपार सुसह्य करून घेतात. ऋतु कडक झाला तर माणसानें जागा बदलावी, जागा बदलतां येत नसेल तर वागणें बदलावें, हा व्यवहार सर्वांच्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु जिनें जन्मभर एका भिंतीच्या आंत राहण्याचें व्रत घेतलें, जिचा पोशाख, जिचें अन्न, जिच्या झोंपेची वेळ हें सर्व लेखी नियमानें ठरलेलें आहे, अशा स्त्रीनें उन्हाळ्याला तोंड कसें द्यावें? रोमन कॅथॉलिक धर्मभगिनींच्या मठांपुढें हा प्रश्न शतकानुशतकें उभा राहिलेला आहे. सोळाव्या शतकांत स्पेन देशांतील आव्हिला येथें संत तेरेसा हिनें जे मठ उभारले, त्यांत या प्रश्नाचें एक फार बोलकें उत्तर सांपडतें.

तेरेसा हें नांव मराठी श्रोत्यांना अगदींच परकें वाटूं नये. ज्यांचा देह जुन्या गोव्यांत जतन करून ठेवलेला आहे ते संत फ्रान्सिस झेवियर आणि ही तेरेसा या दोघांना पोपनें संतपद दिलें तें एकाच दिवशीं, १२ मार्च १६२२ रोजीं. तेरेसाचा जन्म १५१५ सालचा. विसाव्या वर्षीं तिनें आव्हिला येथीलच ‘एन्कार्नासिऑन’ नांवाच्या कार्मेल पंथाच्या मठांत प्रवेश केला. तो मठ मोठा होता. भगिनींची संख्या शंभराच्या बरीच वर गेलेली. श्रीमंत घरांतून आलेल्या स्त्रियांना स्वतंत्र खोल्या, पाहुण्यांची वर्दळ नेहमींची. आणि मठाचें उत्पन्न सर्वांच्या पोटाला पुरत नसल्यामुळें कित्येकजणी महिनेच्या महिने नातलगांकडे जाऊन राहत. म्हणजे हवापालट तेथें मुळींच निषिद्ध नव्हता. सुमारें सत्तावीस वर्षें या वातावरणांत काढल्यावर, २४ ऑगस्ट १५६२ रोजीं, तेरेसानें चार नवागत भगिनींसह ‘सान होसे’ हा लहानसा मठ काढला. तेथें संख्या आरंभीं तेरापुरती मर्यादित, श्रीमंत-गरीब हा भेद नाहीं, आणि एकदां आंत आलेली स्त्री सहसा पुन्हां बाहेर यावयाची नाहीं. १५८२ सालीं तिचा अंत झाला तोंपर्यंत असे सतरा मठ उभे राहिले होते.

हा मुलूख कसा आहे हें ध्यानांत घेतल्यावांचून तेथील नियमांचें मर्म कळावयाचें नाहीं. आव्हिला समुद्रसपाटीपासून अकराशें मीटरांहून अधिक उंचीवर वसलेलें आहे. आपल्याकडे उंची म्हटली कीं थंडावा व झाडी डोळ्यांपुढें येते. कॅस्टीलचें पठार मात्र उघडें आणि कोरडें आहे. हिवाळा लांब व बोचरा, उन्हाळा आंखूड पण पावसाविण. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तेथें एक म्हणच आहे. स्पॅनिश भाषेंत हिवाळा व नरक हे दोन शब्द एका अक्षराच्या फरकानें सारखे असल्यामुळें तिला विशेष गंमत आली आहे.

कार्मेल पंथाचा मूळ नियम मात्र स्पेनमधील नव्हे. पॅलेस्टाइनमधील कार्मेल पर्वतावर राहणाऱ्या एकांतवासी पुरुषांना जेरुसलेमचे धर्माधिपति आल्बर्ट यांनीं तेराव्या शतकाच्या आरंभीं तो घालून दिला. त्याप्रमाणें १४ सप्टेंबरपासून ईस्टरच्या सणापर्यंत, रविवार वगळून, रोज उपवास करावयाचा; मांस आजारीपणावांचून वर्षभर वर्ज्य. आपला चातुर्मास पावसाळ्यांत येतो, यांचा व्रतकाल हिवाळ्यांत. त्यामुळें उन्हाळा हा या मठांत देहाला थोडी मोकळीक देणारा काळ ठरला.

तेरेसानें आपल्या मठांसाठीं जी नियमावलि लिहिली, तींत तर ऋतूचा विचार पानोपानीं आहे. हिवाळ्यांत सहाला उठावयाचें, उन्हाळ्यांत पांचला. उठल्यावर एक तास मौन ध्यान. मिस्साविधि हिवाळ्यांत नऊला, उन्हाळ्यांत आठला. जेवणाची घंटा हिवाळ्यांत उपवासाच्या प्रकाराप्रमाणें अकरा किंवा साडेअकराला, उन्हाळ्यांत दहाला. अर्थात् देवानें कांहीं धाडलें असेल तर! भिक्षेवर व हातच्या कामावर चालणाऱ्या घरांत जेवणाची वेळ नक्की सांगतां येत नाहीं, असें तिनें त्याच कलमांत मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. जेवणानंतर एक तास सर्वांनीं एकत्र बसून बोलावें; मात्र प्रत्येकीच्या हातांत सूतकताईची चाती असावी. हा तास संपला कीं उन्हाळ्यांत एक तास झोंपण्यास मुभा आहे, आणि जिला झोंपावयाचें नसेल तिनें मौन पाळावें. दोन वाजतां सायंप्रार्थना, तिच्यामागून वाचन. दिवसाची अखेरची प्रार्थना उन्हाळ्यांत सहाला, हिवाळ्यांत पांचला. आठ वाजतां दोन्ही ऋतूंत मौनाची घंटा. नवानंतर रात्रीची दीर्घ प्रार्थना, आणि अकराला अंथरूण.

वरवर पाहतां हें कोरडें वेळापत्रक वाटेल. पण त्यांतील झोंपेचा हिशेब करून पाहावा. हिवाळ्यांत अकरा ते सहा असे सात तास. उन्हाळ्यांत सकाळच्या गारव्याचा उपयोग व्हावा म्हणून एक तास आधीं उठविलें, तेव्हां उरले सहा. तो गेलेला तास दुपारीं, सूर्य माथ्यावर असतां, परत दिलेला आहे. लिहिणारीनें हा हिशेब जाणूनबुजून केला असो कीं अनुभवानें आपोआप जुळला असो, तो चोख आहे. कडक व्रताचा पुरस्कार करणारी ही स्त्री झोंपेची चोरी होऊं देत नाहीं.

या वामकुक्षीला युरोपच्या मठांत जुना आधारही आहे. सहाव्या शतकांत इटलींत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या अनुयायांसाठीं केलेल्या नियमांत उन्हाळ्यांत दुपारच्या जेवणानंतर शय्येवर पडून मौनानें विश्रांति घेण्यास परवानगी आहे. उष्मा अधिक झाल्यास पेयाचें प्रमाण वाढविण्याचा अधिकार मठाधिपतीला दिलेला आहे. आणि उन्हाळ्याच्या रात्री लहान म्हणून रात्रीच्या प्रार्थनेंतील वाचनही कमी केलेलें आहे. दुपारच्या झोंपेचें ‘सिएस्ता’ हें स्पॅनिश नांवसुद्धां रोमन कालगणनेंतील ‘सहाव्या तासा’वरून, म्हणजे मध्यान्हावरून, आलेलें आहे.

पोशाखाच्या कलमांत मात्र उन्हाळा व हिवाळा असा भेद दिसत नाहीं. जाडेंभरडें, न रंगविलेलें लोकरी कापड, त्यावर खांद्यावरून पुढेंमागें सोडलेला पट्टा, प्रार्थनेच्या वेळीं त्याच जातीच्या कापडाचा पांढरा झगा, डोक्याला जाड कापडाचें शिरोवस्त्र, पायांत तागाच्या तळव्यांच्या चपला. सवलत काय ती एवढीच कीं कापड शक्य तितकें कमी लावावें. निजावयास गादी नाहीं, पेंढ्यानें भरलेली गोणी. केस आंखूड कापलेले, म्हणजे विंचरण्यांत वेळ जावयाचा नाहीं. आरसा तर नाहींच. जाड लोकर थेट अंगाशीं घ्यावयाचें ठरलें तेव्हां उवांची धास्ती पडली. मग एका रात्रीं भगिनींनीं हातीं क्रूस घेऊन गात-गात मिरवणूक काढली, आणि तेरेसानें त्या प्राण्यांच्या निवारणार्थ विनोदी कवन रचलें, अशी हकीगत मठांत परंपरेनें सांगतात. हंसूनखेळून सोसण्याची ही हातोटी पुढें प्रवासांत फार उपयोगी पडली.

मठाला लागून लहानशी बाग असे, आणि तींत एकांतांत ध्यान करण्यासाठीं कुटिया. एका उन्हाळी जेवणाची गोष्ट तेरेसानें स्वतः लिहिली आहे. त्या दिवशीं भोजनगृहांत काकड्या वाढल्या होत्या, आणि तिच्या वांट्याला आली ती बारीक व आंतून सडकी. तिनें मुद्रेवर कांहीं न दाखवितां, सर्वांत हुशार समजली जाणारी एक भगिनी बोलाविली आणि ती काकडी बागेंत लावावयास सांगितली. भगिनीनें एवढेंच विचारलें, उभी लावूं कीं आडवी? आडवी, असें उत्तर मिळतांच ती गेली व काकडी पुरून आली. ती वाळून जाणार हा विचार तिच्या मनाला शिवला नाहीं. आजच्या वाचकाला ही आज्ञाधारकता पटेलच असें नाहीं, आणि पटावी असा आग्रहही नको. परंतु अध्यक्षेला सुद्धां सडकी काकडीच येते आणि ती बदलून मागत नाहीं, ही त्या गोष्टींतील दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे.

पाण्याची ओढ मात्र या घराला खरी होती. सान होसेच्या विहिरीचें पाणी वाईट होतें. तें सुधारून घरांत आणावें म्हणून तेरेसानें जाणते कारागीर बोलाविले, तर त्यांनीं पैसे व्यर्थ जातील म्हणून थट्टा केली. वर जिनें काकडी लावली तीच भगिनी पुढें आली व म्हणाली, देवाला आपल्याला बाहेरून पाणी आणून द्यावें लागतेंच आहे. त्यापेक्षां तें घरांत देणें त्याला स्वस्त पडेल. काम केलें आणि पिण्याजोगें पाणी लागलें. ज्या बाईनें आत्मचरित्रांत प्रार्थनेच्या चार अवस्था सांगतांना बागेला पाणी घालण्याच्या चार रीतींचा दृष्टांत घेतला, तिचा हा अनुभव आहे हें विसरतां कामा नये. पहिली रीत विहिरींतून बादलीनें पाणी ओढण्याची, दुसरी रहाटाची, तिसरी ओढ्याचा पाट काढण्याची, चौथी पावसाची. रहाटाच्या मडक्यांचा खडखडाट ज्यानें ऐकला आहे त्याला या दृष्टांताचें भाष्य नको. कोरड्या मुलखांत पाण्याच्या प्रत्येक थेंबामागें किती श्रम असतात हें माहीत असल्यावांचून असें लिहितां येत नाहीं.

भिंतीच्या आंतला हा उन्हाळा अशा रीतीनें बेतून घेतां येत होता. खरी कसोटी लागली ती नवा मठ काढण्यासाठीं भिंतीबाहेर पडावें लागलें तेव्हां. १५६८ च्या जूनअखेरीस दुरुएलो नांवाचें खेडें शोधतांना तेरेसा व तिची सोबतीण दिवसभर उन्हांत वाट चुकत फिरल्या, आणि रात्रीच्या सुमारास पोंचल्या तों तें घर इतकें घाणेरडें व सुगीच्या मजुरांनीं इतकें भरलेलें कीं तेथें मुक्काम करवेना. पण या सर्वांत अवघड प्रवास १५७५ सालचा. त्या वर्षीं मे महिन्याच्या मध्यास, वयाच्या साठाव्या वर्षीं, ती सहा भगिनींसह बेआसहून सेव्हिलला निघाली. आंदालुसियांत उन्हाळा तेव्हांच पेटलेला होता.

भगिनींना कोणी पाहूं नये म्हणून गाड्या चहूंकडून झांकलेल्या. बरोबर लहान घंटा व वाळूचें घड्याळ. त्यांच्या इशाऱ्यावर गाडींतच प्रार्थना व गाडींतच मौन. मठ चाकांवर चढला होता, इतकेंच. आच्छादन उन्हानें तापलें कीं आंत शिरणें म्हणजे पापक्षालनाच्या अग्नींत शिरणें वाटे, असें तेरेसानें लिहिलें आहे. या भगिनींपैकीं मारिया दे सान होसे हिनें नमूद केलें आहे कीं वाटेंत एका ठिकाणीं पाणी दारूपेक्षां महाग मिळालें. ग्वादाल्किव्हिर नदी ओलांडतांना तराफ्याचा दोर सुटला आणि गाडीसकट तराफा प्रवाहाबरोबर वाहूं लागला. नावाड्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा बापाची ती तगमग पाहून रडत होता. त्याची आठवण तेरेसाच्या मनांतून पुढें कधींच गेली नाहीं. जवळच्या गढींतून एका गृहस्थानें हें पाहून माणसें धाडलीं. तोंवर तराफा सुदैवानें वाळूंत रुतला होता.

पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशीं तेरेसाला असा ताप भरला कीं तिला ग्लानि आली. सोबतच्या भगिनी तोंडावर पाणी मारीत, पण तें पाणीच उन्हानें इतकें तापलेलें कीं त्यानें गारवा कसला वाटणार? धर्मशाळेंत मिळाली ती उघड्या कौलांची, खिडकी नसलेली खोली. दार उघडावें तर सूर्य आंत येई. अंथरूण कोठें उंच, कोठें सखल, जणूं दगडांवरच घातलेलें. अखेरीस तिनें उठून पुढें निघण्याचें ठरविलें, कारण त्या खोलीपेक्षां रानांतलें ऊन बरें वाटूं लागलें.

दुसऱ्या दिवशीं, २२ मे रोजीं, त्या कोर्दोव्हा शहराशीं आल्या. कोणाच्या दृष्टीस न पडतां पहांटेच मिस्सा ऐकून जावें असा बेत होता. पण पुलावरून गाड्या नेण्यास नगराधिकाऱ्याचा परवाना लागतो असें कळलें, आणि तो येईपर्यंत दोन तास गेले. भोंवतीं बघ्यांची गर्दी जमली. परवाना आला तों गाड्या पुलाच्या दरवाजांतून जाईनात. त्यांचे बाहेर आलेले भाग करवतीनें कापावे लागले. चर्चमध्यें सणाचा उत्सव, नाच आणि माणसांचा समुद्र. पांढरे झगे, तोंडावर बुरखे, पायांत तागाच्या चपला अशा स्त्रिया आंत येतांच जो गलका झाला तो शर्यतीचे बैल आंत सोडल्यासारखा होता, असें तेरेसा म्हणते. त्या धक्क्यानेंच आपला ताप पळाला असावा, अशी पुस्तीही तिनें जोडली आहे. नंतर दुपारची विश्रांति त्यांनीं एका पुलाखालीं घेतली. नियमावलींतील तो एक तास त्या दिवशीं अशा रीतीनें पाळला गेला.

२६ मे रोजीं त्या सेव्हिलला पोंचल्या. अमेरिकेचा व्यापार ज्या बंदरांत उतरे, तें हें श्रीमंत शहर. परंतु वांट्याला आलें तें भाड्याचें कोंदट घर आणि शेजाऱ्यांनीं उसनें दिलेलें सामान. मठ काढण्यास आर्चबिशपची संमति लवकर मिळेना. उन्हाळा तसाच गेला. आणि त्या घरांतील उन्हानें एक विलक्षण संकट उभें केलें. मठांत राहून बाहेर पडलेल्या एका स्त्रीनें या भगिनींविरुद्ध इन्क्विझिशनकडे, म्हणजे पाखंडाचा तपास करणाऱ्या धर्मकचेरीकडे, तक्रार नेली. तींत एक आक्षेप असा कीं ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर या स्त्रिया भिंतीकडे तोंड करून बसतात. हा कांहीं गुप्त विधि असला पाहिजे. वस्तुस्थिति मारिया दे सान होसेनें लिहून ठेविली आहे. प्रसाद घेण्याची जागा अंगणाकडे होती आणि अंगणांत रणरणतें ऊन. त्याची तिरीप चुकवावी व चित्त एकाग्र राहावें म्हणून प्रत्येकजण मिळेल त्या कोंपऱ्यांत जाऊन भिंतीकडे वळे. एखाद्या घरांत जें कोणीही सहज केलें असतें, तें या बंदिस्त घरांत घडल्याबरोबर संशयास पात्र झालें. ज्या काळांत अशा संशयावरून माणसांचीं आयुष्यें धुळीस मिळत, त्या काळांत ही लहान गोष्ट नव्हती. १५७६ च्या आरंभीं चौकशी झाली. गल्लींत अधिकाऱ्यांचे घोडे उभे राहिले, शेजारीपाजारी कुजबुजूं लागले. आरोपांत तथ्य आढळलें नाहीं आणि प्रकरण तेथेंच थांबलें.

त्याच सुमारास तेरेसाचा भाऊ लोरेन्सो, जो आदल्या ऑगस्टमध्यें अमेरिकेहून परतला होता, त्याच्या मदतीनें चांगलें घर विकत मिळालें. त्याचें अंगण साखरेच्या मेवामिठाईचें केल्यासारखें दिसतें, असें तेरेसानें एका पत्रांत कौतुकानें लिहिलें आहे. रविवार, ३ जून १५७६ रोजीं मोठ्या मिरवणुकीनें नव्या मठांत ख्रिस्तप्रसादाची स्थापना झाली. स्वतः आर्चबिशप तींत चालले. उत्सवाच्या दुसऱ्याच दिवशीं, सोमवारीं, तेरेसा सेव्हिल सोडून निघाली. राहून ते दिवस उपभोगावे असें भगिनींना वाटत होतें. परंतु ऊन दिवसेंदिवस चढत होतें, आणि पुढच्या रविवारीं येणारा पेन्टेकॉस्ट या वेळीं वाटेंत नव्हे तर मालागोन येथील मठांत साजरा व्हावा असा तिचा बेत होता. सेव्हिलची अध्यक्षा म्हणून मारिया दे सान होसे मागें राहिली, आणि तिच्या भगिनींचा तेथील दुसरा उन्हाळा सुरू झाला.